लिफ्ट बघायला परदेशी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलाकडे जर्सी सिटीला जातोय. न्यूयॉर्कमध्ये नुसतं लिफ्टचं एक संग्रहालय आहे, असं एका जुन्या प्रवास-पुस्तकात वाचलं. आमच्या ह्यांची सगळी नोकरी लिफ्टच्या देखभालीत गेली, त्यामुळे स्वातंत्र्यदेवतेपेक्षा त्यांना तेच आधी बघायचंय. तिथे कसं जायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते संग्रहालय आता नाही. क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटीत २०११ साली ते उघडलं होतं. एका लिफ्ट-सल्लागारानं जन्मभर जमवलेली यंत्रं, पाट्या, बटणं आणि कागदपत्रं तिथे मांडली होती. २०१६ मध्ये ते बंद झालं. जुन्या पुस्तकांत पत्ता अजून सापडतो, पण त्याच्या भरवशावर टॅक्सी करू नका.

मात्र मॅनहॅटनमध्येच तीन जागा अर्ध्या दिवसात होतात. जर्सी सिटीहून मॅनहॅटनला येणाऱ्या पाथ गाडीनं वर्ल्ड ट्रेड सेंटरला या, तिथून सबवेची उत्तरेकडे जाणारी आर गाडी धरून प्रिन्स स्ट्रीटला उतरा आणि ब्रॉडवेवरून दक्षिणेला ब्रूम स्ट्रीटपर्यंत चालत जा. कोपऱ्यावरची बिडाच्या दर्शनी भागाची पाच मजली इमारत म्हणजे हॉवॉट बिल्डिंग, ४८८ ब्रॉडवे. दोर तुटला तर केबिन धरून ठेवणारी यंत्रणा असलेली पहिली प्रवासी लिफ्ट एलिशा ओटिसनं २३ मार्च १८५७ रोजी इथे सुरू केली. ती वाफेवर चालायची आणि तिचा वेग मिनिटाला सुमारे ४० फूट होता. धडधाकट माणूस जिन्यानं तिच्या आधी पोचला असता. मूळ लिफ्ट कधीच काढून टाकली आहे, म्हणून इमारत बाहेरूनच बघायची.

तिथून उत्तरेला पंधरा-वीस मिनिटं चाललं की अ‍ॅस्टर प्लेसजवळ कूपर युनियनची जुनी इमारत लागते. तिचं बांधकाम १८५३ मध्ये सुरू झालं, म्हणजे हॉवॉटमधली लिफ्ट सुरू व्हायला चार वर्षं होती. तरी पीटर कूपरनं आराखड्यात लिफ्टसाठी उभी पोकळी सोडून ठेवली, आणि तीही गोल. लिफ्टचा आकार गोलच असणार असं त्याला वाटलं होतं. पुढे त्या गोल शाफ्टसाठी खास गोल केबिन बनवावी लागली. हे कॉलेज आहे, तेव्हा दारातल्या रक्षकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका.

शेवटी एट्थ स्ट्रीटवरून पुन्हा आर गाडीनं ३४व्या रस्त्याला हेराल्ड स्क्वेअर. तिथल्या मेसीज दुकानाच्या वरच्या मजल्यांवर लाकडी पायऱ्यांचे जुने सरकते जिने अजून चालतात. पट्ट्यांमधल्या खाचा आजच्यापेक्षा बऱ्याच रुंद असतात, हे वाकून बघण्यासारखं आहे. मऊ रबरी चपला घालून जाऊ नका आणि पाऊल कडेच्या फळीला टेकवू नका. रबर खाचेत ओढलं जातं. दुकानाजवळच पाथचं ३३व्या रस्त्याचं स्टेशन आहे, तिथून थेट घरी. एक लक्षात ठेवा: लिफ्ट बघायला निघालात तरी सबवेच्या बऱ्याच स्टेशनांत लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर मार्ग आखताना आधी ते तपासा.

प्रश्न : ओटिस उंच फळीवर उभा आहे आणि दोर कापला जातोय, असं चित्र सगळीकडे दिसतं. आजच्या लिफ्टचा दोर तुटला तर ती तशीच थांबते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : थांबते, पण तशी नाही.

१८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात ओटिसनं जे दाखवलं त्यातला मुख्य भाग होता घोडागाडीच्या पाट्यांची कमान. केबिन ज्या दोराला टांगलेली तोच दोर ही कमान ओढून वाकवून ठेवायचा. दोर तुटला की ताण जातो, कमान सरळ होते आणि दोन्ही टोकांचे खिट्टे बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकतात. युक्ती साधी आणि चोख. पण हिला फक्त ताण गेलेला कळतो. दोर शाबूत आहे आणि यंत्र बिघडून केबिन भरधाव सुटली आहे, तर कमान वाकलेलीच राहते, खिट्टे जागचे हलत नाहीत.

म्हणून गव्हर्नर आला. केबिनला बांधलेला एक वेगळा, बारीक दोर वरच्या एका चाकावरून फिरतो. चाकावरची वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात. युरोपीय मानकांप्रमाणे, ठरलेल्या वेगाच्या किमान ११५ टक्के वेग झाला की गव्हर्नर सुटतो आणि त्याचा दोर जखडला जातो. केबिन खाली जात राहते, दोर जागीच राहतो, त्यामुळे केबिनखालची दांडी ओढली जाते आणि पाचरी गाइड रेलला, म्हणजे केबिन ज्याला धरून सरकते त्या उभ्या रुळाला, चावतात. केबिन अशा रीतीनं स्वतःच्याच वेगानं स्वतःला अडकवते, त्यासाठी वीज लागत नाही. सेकंदाला ०.६३ मीटरपर्यंतच्या लिफ्टना झटक्यात पकडणाऱ्या पाचरी चालतात. त्यापेक्षा वेगवान लिफ्टमध्ये त्या घासत घासत थांबवणाऱ्या लागतात, नाहीतर आतल्या माणसांचे गुडघे मोडतील.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर २८ जुलै १९४५ रोजी धुक्यात बी-२५ विमान आदळलं, तेव्हा त्याच्या भागांनी एका लिफ्टचे मुख्य दोर तर तुटलेच, गव्हर्नरचा दोरही तुटला. पाचरींना ओढणारंच कोणी उरलं नाही आणि लिफ्टचालक तरुणी ७५ मजले खाली गेली. ती वाचली. गव्हर्नरचा दोर बारीक दिसतो म्हणून त्याच्या देखभालीत हयगय का करू नये, याचं एवढं उदाहरण पुरे.

तसे दोर सहसा तुटत नाहीत. तीन किंवा जास्त दोर असतात आणि एकूण ताकद लागेल त्याच्या बारा पट धरलेली असते. खरी भीती ब्रेक निसटण्याची. आणि इथे बहुतेकांचा अंदाज उलटा निघतो: रिकामी केबिन खाली पडत नाही, वर पळते. काउंटरवेटचं, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणाऱ्या धोंड्याचं, वजन म्हणजे केबिनचं वजन अधिक ठरलेल्या भाराच्या ४० ते ५० टक्के, त्यामुळे आत एकदोघेच असले तर जड बाजू काउंटरवेटची. वर जाताना वेग सुटला तरी पकडणारी यंत्रणा आता युरोपीय मानकांत सक्तीची आहे. जुन्या यंत्रांत ती सापडणार नाही.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीत इंटर्नशिप मिळाली आहे. तिथल्या तांत्रिक संग्रहालयांत लिफ्टची जुनी यंत्रं ठेवलेली असतात असं कळलं. पाट्या जर्मनमध्ये असतील. अशा यंत्रासमोर उभं राहिल्यावर नेमकं काय, कुठून बघायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी नावाची पाटी वाचा. ‘बाउयार’ म्हणजे बनवल्याचं वर्ष, ‘ट्रागक्राफ्ट’ म्हणजे किती किलो वाहते ते, ‘पेर्झोनेन’ म्हणजे माणसं. युरोपात माणशी ७५ किलो धरतात, म्हणून आठ जणांच्या लिफ्टवर ६३० किलो लिहिलेलं दिसेल. आपल्याकडे माणशी ६८ धरायची पद्धत असल्यानं त्याच आठ जणांना ५४४ किलो असतं.

मग दोर कुठे जातो ते बघा. तो ढोलावर गुंडाळला जातो की नुसता चाकावरून पलीकडे उतरतो? सगळ्या यंत्राचा स्वभाव यावरून ठरतो. ढोलाच्या यंत्रात दोराचं टोक ढोलाला पक्कं असतं. शेवटच्या मजल्यावर मोटर थांबवणारा स्विच चालला नाही तर ढोल ओढतच राहतो आणि केबिन छताला जाऊन भिडते. शिवाय जितकी उंची तितका लांब दोर आणि तितका मोठा ढोल, म्हणजे उंच इमारतीत तो मावायचाच नाही. चाकाच्या यंत्रात दोर केवळ खाचेतल्या घर्षणानं ओढला जातो. केबिन वर गेली आणि काउंटरवेट खाली बफरवर (धक्का झेलणाऱ्या टेकूवर) टेकलं की दोर सैल पडतो, चाक नुसतं फिरत राहतं, केबिन ओढली जात नाही. कसलाही जादा भाग न लावता मिळालेली ही सुरक्षितता आहे, आणि ढोल मागे पडण्यामागे हे एक मोठं कारण.

चाकाच्या खाचांवर टॉर्चचा उजेड तिरपा टाका. ‘व्ही’ आकाराच्या किंवा तळाशी कापलेल्या खाचेत दोर बाजूंवर बसायला हवा, तळाला टेकायला नको. तळ चकचकीत घासलेला दिसला तर समजा की खाच झिजून दोर खाली बसला होता. अशा यंत्राची पकड जाते आणि भरलेली केबिन मजल्यावर थांबताना घसरते. सोबत पट्टी असेल आणि परवानगी मिळाली तर चाकाचा व्यास आणि दोराचा व्यास मोजा. चाक दोराच्या किमान चाळीस पट असावं लागतं: १० मिलिमीटरच्या दोराला ४०० मिलिमीटरचं चाक, १३ च्या दोराला ५२० चं. त्याहून लहान चाकावर दोर वारंवार जास्त वाकतो आणि आतल्या तारा थकून तुटतात. अलीकडच्या यंत्रांचं चाक जेमतेम १०० मिलिमीटरचं दिसलं तर गोंधळू नका. तिथे दोराऐवजी ३ मिलिमीटर जाडीचा चपटा पट्टा असतो. पॉलियुरेथेनमध्ये पोलादी तारा बसवलेल्या. दोरावर तांबूस भुकटी दिसली, तर आतलं वंगण संपून तारा एकमेकींवर घासत गंजल्याची ती खूण.

मोटर आणि चाक यांच्यामध्ये बंद डबा असेल तर आत वर्म गिअर आहे: पोलादी मळसूत्र आणि काशाचं दातेरी चाक. संग्रहालयात एखादा डबा कापून दाखवलेला असतो, तो सोडू नका. काशाचं चाक मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे झिजायचं ते तेच. चालू यंत्राच्या तेलात सोनेरी चमक दिसली की मेकॅनिकला कळतं, चाकाचे दात चालले. डबा नसेल आणि चाक थेट मोटरच्या दांड्यावर असेल तर ते गिअरलेस. मोटर आकारानं मोठी आणि फिरायला संथ.

ब्रेकजवळ थांबा. स्प्रिंग पट्ट्यांना ड्रमवर दाबून धरते आणि वीज आली की चुंबक त्या सोडवतो. वीज गेली की ब्रेक लागतो, सुटत नाही. हे उलटं समजणारे इंजिनिअरही भेटतात.

वेळ सगळ्यात जास्त द्यायचा तो सिलेक्टरला. जुन्या लिफ्टला आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे कळण्यासाठी मशीन रूममध्ये अख्ख्या शाफ्टची छोटी प्रतिकृती असायची. केबिनला जोडलेल्या पट्टीनं किंवा साखळीनं एक सरकता भाग वरखाली फिरायचा आणि प्रत्येक मजल्याच्या संपर्काला स्पर्श करत जायचा. शेजारच्या पॅनेलवर रिलेंची, म्हणजे विजेनं आपोआप उघडझाप करणाऱ्या स्विचांची, रांग. चालू नमुना असेल तर बटण दाबून कान द्या: दार बंद झाल्याचा रिले, दिशेचा, मग ब्रेक सुटल्याचा, आणि पोचायच्या जरा आधी वेग उतरवणारा. हा क्रम कानानं ओळखता येऊ लागला की सर्किटचा नकाशा अर्धा समजला. एखाद्या मोठ्या यंत्रापाशी मोटर आणि जनरेटर एकाच दांड्यावर दिसले तर ती वॉर्ड लिओनार्ड पद्धत, १८९१ ची. जनरेटरच्या चुंबकक्षेत्राचा प्रवाह कमीजास्त करून लिफ्टचा वेग लोण्यासारखा मऊ बदलायचा, बदल्यात लिफ्ट उभी असतानाही जनरेटर वीज खात फिरायचा.

शेवटी दाराचं कुलूप. लहानसा भाग असल्यामुळे लोक पुढे निघून जातात, पण शाफ्टमध्ये पडण्याचे अपघात याच्याशी निगडित. खिट्टा किमान ७ मिलिमीटर आत गेल्यानंतरच विजेचा संपर्क जुळला पाहिजे, आधी नाही. झिजलेल्या कुलपात संपर्क आधी जुळतो. लिफ्ट सुटते आणि दार मात्र हातानं ओढलं तर उघडतं.

प्रश्न : मी मूळचा चिपळूणचा, सध्या श्टुटगार्टला असतो. इथल्या महापालिकेत न थांबता फिरणारी, बिनदाराची लिफ्ट आहे. आई-बाबा सुट्टीला येणार आहेत, बाबांना असल्या गोष्टींचं भारी वेड. त्यांना तीत बसवावं का?
– एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : ही पेटरनोस्टर. रहाटगाडग्यासारखे उघडे डबे साखळीवर एका बाजूनं वर आणि दुसरीनं खाली सतत फिरतात, वेग सेकंदाला साधारण ०.३ मीटर, एका डब्यात दोघं. बाबांचं पाऊल चपळ असेल, जिना कठडा न धरता उतरत असतील, तर हरकत नाही. काठी असेल, चक्कर येत असेल, दूरचं-जवळचं एकाच चष्म्यातून बघत असतील तर नको. अशा चष्म्याच्या खालच्या भागातून पायाखालची कड नेमकी कुठे आहे ते चुकतं. आईंनी साडी नेसली असेल तर त्यांनीही नुसतं बघावं. पदर किंवा निऱ्या डबा आणि मजल्याच्या फटीत जाण्याइतकं वाईट काही नाही.

आधी पाच मिनिटं बाजूला उभं राहून लय पकडा. मग एकेकानं चढायचं. बाजूच्या दांड्याला हात, डब्याची फरशी मजल्याच्या पातळीला येण्याच्या किंचित आधी पाऊल उचलायचं, म्हणजे ते टेकेपर्यंत पातळी जुळते. दुसरं पाऊल लगेच आत, आणि मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. उतरताना तोंड बाहेर, दांडा धरून, तसंच. क्षण हुकला तर उडी मारायची नाही, पुढच्या मजल्यावर उतरायचं. पिशवी, बाबागाडी, छत्री काही घ्यायचं नाही. वर जाणाऱ्या बाजूला मजल्याच्या कडेला बिजागरीची फळी दिसेल. पाय मध्ये आला तर ती वर उचलली जाते, तिच्यावर मुद्दाम उभं राहू नका.

शेवटच्या मजल्याच्या पुढे गेलं तर डबा उलटतो का, हे बाबा विचारणारच. नाही उलटत. दोन साखळ्या असतात, एक पुढून आणि एक मागून, आणि डबा त्यांना तिरक्या रेषेतल्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत लटकलेला असतो, म्हणून माथ्यावर तो सरळच राहून आडवा सरकतो. अंधार होतो, साखळीचा खडखडाट ऐकू येतो, आणि डबा खाली निघतो. तिथे जाऊ नये असं लिहिलेलं असेल तर जाऊ नका. वरती बिघडून थांबला तर सुटका करायला तंत्रज्ञच लागतो.

जर्मनीत नव्या पेटरनोस्टर बांधायला १९७४ पासून बंदी आहे. २०१५ च्या जूनमध्ये तर शिकवणी घेतलेल्यांनीच चढावं असा नियम आला होता, ओरड झाल्यावर तो थोड्याच दिवसांत सैल केला. तरी काही इमारतींत फक्त कर्मचाऱ्यांना परवानगी असते, आणि दुरुस्तीसाठी त्या वरचेवर बंद असतात. कामाच्या दिवशी, आधी फोन करून जा.

वेळ असेल तर रेल्वेनं रॉटवाइलला जाऊन या. तिथला लिफ्ट-चाचणी मनोरा २४६ मीटरचा आहे आणि २३२ मीटरवर लोकांसाठी सज्जा आहे. दोरांशिवाय, चुंबकावर तरंगत धावणाऱ्या रेल्वेच्या मोटरसारख्या मोटरवर चालणारी लिफ्ट इथेच २०१७ मध्ये दाखवली गेली. चाचणीचे शाफ्ट बघायला मिळतील अशी आशा धरून जाऊ नका. वर जाताना मोबाइल फरशीवर सपाट ठेवून प्रवेग नोंदवणारं अ‍ॅप चालू करा. चांगली लिफ्ट सेकंदाला सेकंदामागे १ मीटरच्या आसपास राहते आणि आलेखात धारदार टोक दिसत नाही. धुक्याच्या दिवशी तिकीट काढू नका.

प्रश्न : पॅरिस की लिस्बन? दोन्हींना जाणं जमणार नाही.
– एक वाचक, पणजी

उत्तर : यंत्र बघायचं असेल तर पॅरिस. आयफेल टॉवरच्या पूर्व आणि पश्चिम पायांतल्या लिफ्ट १८९९ च्या जलदाबाच्या यंत्रणेवर आधारलेल्या आहेत. पुढे त्यांचं आधुनिकीकरण झालं, पण मूळ कल्पना तीच. पायाचा उतार वर जाताना बदलत जातो, तरी केबिनची फरशी सपाट राहते, ते लक्ष देऊन बघा. तळाशी यंत्रखोलीची वेगळी सहल असते का ते तिकीट काढताना विचारा. लिस्बनची सांता जुस्ता लिफ्ट, १९०२ ची, ४५ मीटरची, लाकडी केबिनची, दिसायला जास्त देखणी. खालच्या रांगेत तासभर जातो. वरचा सज्जा कार्मो चौकातून चालत गाठता येतो. ती चालू आहे की देखभालीसाठी बंद, हे निघण्याआधी बघा.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या इमारतीत जाळीच्या दाराची, लाकडी केबिनची लिफ्ट आहे. परदेशात असल्या केबिनी काचेमागे ठेवलेल्या बघून आलो. इथे सोसायटी ती बदलून, ग्रॅनाइट आणि आरसे लावून ‘नवी’ करायच्या बेतात आहे. काय वाचवता येईल?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : दिसणारं बरंच वाचवता येतं, न दिसणारं बहुतेक सगळं बदलायला हवं. दोर, ब्रेकच्या पट्ट्या, दाराची कुलपं, कंट्रोल पॅनेल आणि वायरिंग यांत भावना आणू नका. लाकडी केबिन, घड्याळासारखा काट्याचा मजला-दर्शक, पितळी नावपाटी आणि लिफ्टमनचा दांडा हे राखा. जाळीची दारं ठेवायची असतील तर प्रत्येक मजल्यावर नवं कुलूप बसवून आणि जाळीच्या आतून पारदर्शक पत्रा लावून, कारण हात आणि लहान मुलांचे पाय जाळीतून आत जातात. महाराष्ट्रात २०१७ च्या लिफ्टविषयक कायद्याप्रमाणे बदल करायला परवानगी लागते, तेव्हा परवानाधारक ठेकेदाराशिवाय कोणाला पाना लावू देऊ नका.

ग्रॅनाइटबद्दल सोसायटीच्या बैठकीत हा हिशेब मांडा. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला सुमारे ५४ किलो. केबिनची फरशी १.१ बाय १.४ मीटर धरली तर झाले ८३ किलो, आरसे आणि स्टीलचे पत्रे वेगळे. म्हणजे एक माणूस कायमचा आत उभा, तोही लठ्ठ. काउंटरवेट तेवढं वाढवलं नाही तर मोटर तापते, ब्रेक उशिरा धरतो आणि भरलेली केबिन मजल्याच्या खाली जाऊन थांबते. वाढवलं तर मशीन आणि खालचे बफर तेवढ्यासाठी पुरे पडतात का, ते तपासावं लागतं. कंत्राटात ‘सजावटीनंतर समतोल मोजून देणे’ ही ओळ घाला. अर्ध्या भारावर दोन्ही दिशांना मोटरचा प्रवाह जवळजवळ सारखा यायला हवा.

उतरवलेल्या भागांत जुन्या ब्रेकच्या पट्ट्या आणि स्विचवरची राखाडी आवरणं यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती घासू, फोडू, झाडू नका. ओली करून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेकेदाराकडे द्या. पितळी पाटी पॉलिश करायची घाई नको, कोरलेली अक्षरं पॉलिशनं बुजतात; कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. काट्याचा दर्शक काढताना त्याची दोरी किंवा दातेरी चाकं मशीन रूमपासून कशी आली आहेत, याचे फोटो सुटं करण्याआधी काढा आणि प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा. आणि हे सगळं कंत्राटावर सही करण्याआधी लेखी घ्या. जुना माल कोणाचा, यावर कागद गप्प असेल तर तो ठेकेदाराच्या टेम्पोतून थेट भंगारात जातो.